झोळीवाचून आलेले प्रवासी

परदेशी जाऊन धर्मकार्य करणाऱ्या माणसाच्या चरित्रात दोन हिशेब असतात. त्याने किती माणसे बदलली, हा पहिला. त्या परक्या भूमीने त्याला किती बदलले, हा दुसरा. पहिला हिशेब अहवालात नोंदला जातो व इतिहासकाराच्या हाती सहज लागतो. दुसरा मात्र रोजच्या जेवणाखाण्यात, चालण्याबोलण्यात मुरलेला असतो. तो शोधावा लागतो. या दुसऱ्या हिशेबाच्या उजेडात महाराष्ट्राच्या इतिहासातले एक जवळजवळ विसरले गेलेले प्रकरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नाही. मॉर्मन पंथाच्या मिशनऱ्यांचे आहे.

हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. स्मिथ यांच्या हत्येनंतर त्यांच्या अनुयायांनी ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पश्चिमेची वाट धरली आणि १८४७ साली यूटातील खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात वस्ती केली. त्यांची श्रद्धा आपल्या श्रद्धेहून फार वेगळी आहे. त्यांचा बाप्तिस्मा कॅथोलिक ख्रिस्तसभा वैध मानीत नाही, असे व्हॅटिकनने २००१ साली स्पष्ट केले. तथापि श्रद्धाभेद मान्य करूनही माणसांच्या कष्टांकडे न्यायाने पाहता येते, आणि तसेच पाहिले पाहिजे.

१८५१ साली त्यांचा प्रचारक कलकत्त्यात पोहोचला. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या सभेत शंभराहून अधिक पुरुषांची नावे पुकारली गेली व त्यांना जगाच्या निरनिराळ्या भागांत जाण्यास सांगण्यात आले. धर्मशास्त्राच्या विद्यालयात घडलेले हे पुरोहित नव्हते. घरसंसार असलेली, कामधंदा करणारी साधी माणसे होती. त्यांना वेतन नव्हते. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना थैली व झोळी न घेता पाठवतो. ती आज्ञा त्यांनी अक्षरशः घेतली होती. त्यांतील हिंदुस्थान व सयामसाठी नेमलेले तेरा जण जानेवारी १८५३ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघाले व एप्रिलच्या अखेरीस कलकत्त्यास उतरले.

महाराष्ट्रात मात्र त्यांच्याआधीच एक जण आला होता. ह्यू फिंडले हा मूळचा स्कॉटलंडचा. इंग्लंडमध्ये पंथाचे काम करीत असता त्याला हिंदुस्थानात जाण्याचा आदेश मिळाला. सप्टेंबर १८५२ मध्ये तो मुंबईत उतरला. मुंबईत वृत्तपत्रे व इतर पंथांचे पाद्री विरोधात उभे राहिले, तेव्हा तो पुण्यास गेला.

त्या काळी हा प्रवास कसा होता याची आज कल्पना करणे कठीण आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी एप्रिल १८५३ मध्ये सुटली आणि बोरघाटातून लोहमार्ग सुरू व्हायला १८६३ साल उजाडले. मुंबईहून निघालेला माणूस होडीने खाडी ओलांडून पनवेलला उतरे व तेथून घाट चढून पुण्याची वाट धरी. टपालाची गोष्ट याहून बिकट. देशभर एकाच दराने चालणारी अर्ध्या आण्याची तिकिटे ऑक्टोबर १८५४ मध्ये आली. पण सागरापलीकडच्या घरी पत्र जाऊन उत्तर परत येईपर्यंत महिनेच्या महिने लोटत. यूटाहून आलेल्यांच्या घरी मूल आजारी पडले तर ते बरे झाले की दगावले, हे बापाला कळेपर्यंत ऋतू पालटलेला असे. मिशनऱ्याच्या जगण्यातला हा सर्वांत मोठा उपवास होय. तो कोणत्याही पंचांगात लिहिलेला नसतो.

पुण्यात फिंडलेला ऐकणारे भेटले ते मुख्यतः लष्करच्या वस्तीत: इंग्रज शिपाई, त्यांची कुटुंबे, यूरेशियन कारकून. परंतु लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचार करण्यास त्याला मनाई केली. त्यातच एका बातमीने घात केला. मॉर्मन पंथात बहुपत्नीत्वाची चाल असल्याचे त्यांच्या पुढाऱ्यांनी २९ ऑगस्ट १८५२ रोजी जाहीरपणे सांगितले. फिंडले मुंबईत पाऊल ठेवतो न ठेवतो तोच ही बातमी त्याच्या मागोमाग आली, आणि उघडू पाहणारी दारे धडाधड बंद झाली. तरीही १८५३ मध्ये पुण्यात मूठभर लोकांची एक शाखा उभी राहिली. त्याचा भाऊ अ‍ॅलन मदतीस आला. पण पलटणीच्या आधारावर उभी राहिलेली मंडळी पलटण हलली की हलणारच.

येथे आम्हांला एक विसंगती दिसते. झोळी घेऊन दारोदार फिरणारा धर्मपुरुष महाराष्ट्राला नवा नव्हता. आमच्या किनवटपासून जवळच माहूर आहे. दत्तात्रेय कोल्हापुरी भिक्षा मागतात आणि माहूरगडी निद्रेला येतात, अशी या भागातील भाविकांची समजूत. ज्या देशात दैवतसुद्धा भिक्षा मागते, तेथे निष्कांचन मिशनऱ्याचे स्वागत व्हावयास हवे होते. पण भिक्षा मागणाऱ्याला दारातल्या माऊलीशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलता यावे लागतात. छावणीतल्या गोऱ्या समाजात निर्धन साहेब हा लाजिरवाणा प्रकार होता, आणि गावातल्या लोकांशी बोलायला भाषा नव्हती. पैशावाचून राहण्याची तयारी या माणसांनी केली होती. भाषेवाचून मात्र कोणाचेही चालत नाही.

हे फिंडलेला उमगले नाही असे नव्हे. हिंदुस्थानातील मराठ्यांना उद्देशून लिहिलेली त्याची पुस्तिका मुंबईत छापली गेली. पण ती निघाली १८५५ साली, आणि तेच त्याच्या परतीचेही साल. जेथून आरंभ व्हायचा, तेथेच मुक्काम हलला! १८५६ पर्यंत हिंदुस्थानातील सारेच मिशन आवरते घेतले गेले.

याच काळातील दुसरा एक स्कॉटिश माणूस तुलनेसाठी घेऊ. प्रॉटेस्टंट मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. शाळा काढली, मराठी शिकले, रानावनांत हिंडून गोंड लोकांची गाणी व कथा टिपून घेतल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे १८६६ साली प्रसिद्ध झाली. गोंडांचा पूर्वज लिंगो याची कथा त्यांत आहे. किनवटच्या डोंगराळ भागात गोंडांची वस्ती आहे. म्हणून हे ऋण आम्हांला जवळचे वाटते.

आणि आपल्या ख्रिस्तसभेत तर फादर थॉमस स्टीफन्स यांचा आदर्श आहेच. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले व १६१९ मध्ये तेथेच देह ठेवीपर्यंत चाळीस वर्षे राहिले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदवले. १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. विल्टशायरच्या मुलाला ओवीत विचार करता येऊ लागला, यापरते मोठे परिवर्तन ते कोणते? मात्र आपलाही इतिहास सर्वत्र उजळ नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने कोंकणीचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. एका पिढीने कष्टाने मिळवलेली शिदोरी पुढच्या पिढीने सांडली. सुदैवाने ती पुन्हा वेचणारेही निघाले. जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला, तो मराठीत.

मॉर्मन पंथानेही पुढे धडा घेतला. आज त्यांच्या तरुणांना परदेशी पाठवण्यापूर्वी तेथील भाषेचे शिक्षण दिले जाते. मुले चोवीस महिने, मुली अठरा महिने सेवा करतात; नेहमी जोडीने राहतात, पहाटे उठून अभ्यास करतात, आठवड्यातील एक दिवस कपडे धुण्यास व घरी लिहिण्यास राखतात. पूर्वी वर्षातून दोनदाच घरी दूरध्वनी करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला आईवडिलांशी बोलण्याची मुभा मिळाली. फिंडलेच्या काळचा तो मोठा उपवास असा सुटला. बंगळूर येथे त्यांचे स्वतंत्र मिशन १९९३ साली स्थापन झाले. परंतु दोन वर्षांची मुदत कायम आहे, आणि भाषा कानात मुरू लागते न लागते तोच परतीचे तिकीट हाती येते.

या इतिहासाची आठवण किनवटहून करून देण्याला कारण आहे. निजामी राजवटीत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला आमचा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. येथे मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी कानी पडते. बदलीवर येणारे पुष्कळसे अधिकारी परतीचे दिवस मोजीत राहतात आणि यांतली एकही बोली न शिकता जातात. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात केरळसारख्या दूरच्या प्रांतांतून तरुण धर्मगुरू व धर्मभगिनी आल्या आणि येत आहेत. त्यांनाही घर सुटलेले असते, जेवण बदललेले असते, आईची भाषा मागे राहिलेली असते. त्यांच्या चुकलेल्या उच्चाराला आपण हसतो, की तो शब्द पुन्हा हळू म्हणून दाखवतो? परक्या माणसाला भाषा शिकवणे हे यजमानाचेही काम आहे. पुण्याच्या छावणीबाहेर कोणा शेजाऱ्याने फिंडलेला पहिल्याच वर्षी ते शिकवले असते, तर तो मॉर्मनच राहिला असता. पण आपल्या माणसांविषयी काही तरी जाणून परत गेला असता.