नीटच्या तयारीत सगळ्यात अवघड विषय कोणता?

नाशिकरोडहून पूर्वेकडे निघालं की एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. गोदावरीकाठच्या या केंद्रात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण ६३० मेगावॅट. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, त्यावर जनित्र चालवायचं आणि तयार झालेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून पुढे पाठवायची. अकरावी-बारावीची मुलं ज्यांना थर्मोडायनॅमिक्स, रोटेशनल डायनॅमिक्स, ईएमआय आणि एसी सर्किट म्हणतात, ती सगळी प्रकरणं इथे रात्रंदिवस चालू असतात.

आणि डॉक्टर व्हायचं म्हणून नीटची तयारी करणाऱ्यांची झोप उडवतात ती बहुतेक वेळा हीच प्रकरणं. अवघड विषय कोणता असं विचारलं, की सर्वाधिक ऐकू येणारं उत्तर म्हणजे फिजिक्स.

नीटची प्रश्नपत्रिका १८० प्रश्नांची आणि ७२० गुणांची. त्यात भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण वजा. वेळ १८० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. जीवशास्त्राचा प्रश्न येत असेल तर अर्ध्या मिनिटात सुटतो. तिथे वाचवलेली मिनिटं फिजिक्स खाऊन टाकतं.

हे का होतं, ते एकलहऱ्याच्याच उदाहरणावरून पाहू. समजा, एका आदर्श इंजिनात वाफ ५४० अंश सेल्सिअसला येते आणि ४० अंशाला उष्णता बाहेर टाकली जाते. त्याची जास्तीत जास्त कार्यक्षमता किती? सूत्र पाठ असतं: दोन तापमानांतला फरक भागिले वरचं तापमान. घाईत ५०० भागिले ५४० केलं की उत्तर येतं जवळपास ९३ टक्के. असा पर्याय प्रश्नपत्रिकेत हमखास ठेवलेला असतो! पण तापमान केल्विनमध्ये घ्यायचं असतं. ५४० अंश म्हणजे ८१३ केल्विन, त्यामुळे बरोबर उत्तर सुमारे ६१.५ टक्के. (कोळशावरच्या जुन्या संचांची प्रत्यक्ष कार्यक्षमता साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असते. वाया जाणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग कूलिंग टॉवरमधून निघून जातो.) सूत्र माहीत असूनही इथे चार गुण तर जातातच, वर एक वजा होतो.

महाराष्ट्रात यात आणखी एक अडचण आहे. मेडिकलला जायचं ठरवलेली बरीच मुलं दहावीनंतर गणित सोडून फक्त पीसीबी गट घेतात. नियमाने त्यात काही गैर नाही, कारण नीटमध्ये गणिताचा पेपर नसतो. पण गणित फिजिक्सच्या पुस्तकातून मागच्या दाराने येतंच. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींवर आहे: सदिश, विकलन, संकलन. जे गणिताच्या तासाला वर्षभर मुरायला हवं, ते इथे एका प्रकरणात उरकावं लागतं. शिवाय बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येतं, नीटमध्ये तेही नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही.

४ मे २०२५ च्या नीटमध्ये फिजिक्सचा भाग लांबलचक आणि अवघड असल्याची तक्रार देशभरातून झाली. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. आदल्या वर्षी सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. खुल्या गटाचा पात्रता गुणही १६२ वरून १४४ वर आला.

रसायनशास्त्र म्हणजे खरं तर तीन वेगळे विषय. भौतिक रसायनात मोल आणि समतोलाची गणितं येतात, तिथे फिजिक्सचंच दुखणं. अकार्बनी भाग पाठांतराचा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विसरला जाणारा. कार्बनी रसायन कळलं तर सोपं, नाहीतर अभिक्रियांची नुसती यादी. अमेरिकेत पदवी घेताना मेडिकलची तयारी करणाऱ्यांमध्ये सगळ्यात धास्ती असते ती याच ऑरगॅनिक केमिस्ट्रीची.

मग जीवशास्त्र सोपं म्हणायचं का? समजायला सोपं, पण ७२० पैकी ३६० गुण त्याचेच. गुण समान पडले तर क्रमही आधी जीवशास्त्राच्या गुणांवरून ठरतो. इथे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळीवर, कधी एखाद्या आकृतीखालच्या मजकुरावरही येतो. राज्य मंडळाचं पुस्तक वापरणाऱ्यांना त्यामुळे दोन्ही पुस्तकं वाचावी लागतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना भाषेचा अडथळाही इथेच जास्त जाणवतो. दहावीपर्यंत सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन म्हणून जे शिकलं, ते अकरावीत मायटॉसिस आणि मायॉसिस होतं. सेमी-इंग्रजीच्या मुलांचा हा त्रास वाचतो. नीट मराठीतूनही देता येते आणि प्रश्नपत्रिकेत सोबत इंग्रजी मजकूर असतो. भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. पण क्लास, नोट्स आणि सराव परीक्षा बहुतेक इंग्रजीत असल्याने मराठीचा पर्याय निवडण्याआधी दोन्ही भाषांतली नावं ओळखीची असलेली बरी.

प्रवेश मिळाल्यावर हे गणित उलटतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राचा पेपर नसतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन विषय असतात आणि राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांसाठी त्यांची परीक्षा नाशिकमध्येच मुख्यालय असलेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. तिथे धास्ती ॲनाटॉमीची: २०६ हाडं, त्यांतली एका मनगटातलीच आठ, आणि प्रत्येकाला जोडलेले स्नायू, नसा, रक्तवाहिन्या. हे पहिलं वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात.