कुर्डुवाडी शहराचा प्रारंभिक इतिहास

कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील शहर व रेल्वे जंक्शन आहे. कुर्डू हे जुने गाव येथून जवळच असून, नावातील ‘वाडी’ हा शब्द मूळ वस्तीच्या लहान आकाराचा निदर्शक आहे. या वाडीचे शहर झाले ते रेल्वेमुळे. मात्र आरंभीची अनेक वर्षे येथील स्थानक दुसऱ्याच गावाच्या नावाने ओळखले जात असे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. डिकसळपासूनचा टप्पा ऑक्टोबर १८५९ मध्ये येथवर आला. जानेवारी १८६० मध्ये गाडी मोहोळपर्यंत जाऊ लागली. मधल्या अडीचएक महिन्यांत लोहमार्गाचे टोक येथेच होते. कापूस व तेलबियांची मोठी पेठ असलेले बार्शी या मार्गापासून सुमारे ३५ किलोमीटर पूर्वेस राहिले. तेथील माल बैलगाड्यांनी या स्थानकावर येई, म्हणून कंपनीने त्याला ‘बार्शी रोड’ हे नाव दिले. पंढरपूरही मुख्य मार्गाबाहेरच राहिल्याने आषाढी-कार्तिकीचे अनेक यात्रेकरू येथे उतरून पुढची वाट गाडीने किंवा पायी चालत.

कुर्डुवाडीचा इतिहास बार्शी लाइट रेल्वेपासून सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही, कारण त्या रेल्वेच्या आधी ३७-३८ वर्षे हे स्थानक चालू होते. वस्तीला खरे बळ मात्र तिनेच दिले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शीसाठी २ फूट ६ इंच रुंदीच्या नॅरोगेज मार्गाची योजना मांडली. त्यासाठी १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी वाहतूक सुरू झाली. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू नये, हे कॅलथ्रॉपचे मुख्य सूत्र होते. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येई. अरुंद मार्ग म्हणजे खेळण्यातली गाडी, ही समजूत या रेल्वेने खोटी ठरवली.

१९०६ मध्ये पंढरपूरचा फाटा सुरू झाला. पूर्वेकडील मार्ग १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला, तर पंढरपूरकडील मार्ग १९२७ मध्ये मिरज संस्थानात पोहोचला. लातूर ते मिरज हे अंतर सुमारे ३२५ किलोमीटर होते. एकेकाळी नॅरोगेजचे केवळ आरंभस्थान असलेले हे ठिकाण आता त्या मार्गाच्या मध्यावर आले.

दोन्ही मार्गांची रुंदी वेगळी असल्याने ब्रॉडगेजचे डबे नॅरोगेजवर जाऊ शकत नसत. परिणामी कापसाच्या गाठी, धान्याची पोती, सारे काही येथे उतरवून पुन्हा भरावे लागे आणि प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा खोळंबा व जादा खर्च होता. हमाल, गाडीवान, खानावळवाले व दुकानदार यांची मात्र ती रोजीरोटी होती. नॅरोगेजच्या इंजिन-डब्यांच्या दुरुस्तीचा कारखानाही येथे उभा राहिल्याने कारागीर व रेल्वे कामगारांची वस्ती वाढली. पुढे स्थानकालाही कुर्डुवाडी हेच नाव मिळाले.

१९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा संपूर्ण मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला आणि कुर्डुवाडीतील मालाची ही चढउतार थांबली.