ग्रंथपेटीची कुळकथा

शाळेच्या ग्रंथालयासाठी पैसे उभे करायचे तर इंग्लंड-अमेरिकेत मुलं चालतात आणि शेजारीपाजारी दर मैलामागे ठरलेली रक्कम देतात. नाशिकने वेगळी वाट धरली. इथे माणसं वाढदिवसाला पैसे देतात आणि पुस्तकं पेटीत बसून वाचकांच्या गावाला जातात.

2009 साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. एका पेटीत 100 पुस्तकं. सोसायटीतले, कचेरीतले किंवा ओळखीतले पस्तीसेक वाचक एकत्र आले, त्यांच्यातल्या एकाने जबाबदारी घेतली, की पेटी त्यांच्याकडे येते. वर्गणी नाही, अनामत नाही. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि तिच्या जागी नवी येते.

या पेटीचं कूळ शोधत मागे गेलं की आपण स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टनला पोचतो. तिथल्या सॅम्युएल ब्राउन नावाच्या व्यापाऱ्याने 1817 मध्ये पन्नास-पन्नास पुस्तकांचे संच केले. एक संच एका गावात दोन वर्षं राही, मग पुढच्या गावी जाई. 1893 मध्ये मेल्विल ड्यूई यांनी न्यूयॉर्क राज्यात फिरत्या पेट्या सुरू केल्या. पुस्तकं 100, मुदत सहा महिने, शुल्क पाच डॉलर.

पुढचा दुवा मात्र थेट नाशिक जिल्ह्यात सापडतो. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात 1863 साली जन्मलेला गोपाळ 1875 मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. 1906 मध्ये त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळेत अक्षरं शिकलेल्या मुलाला पुढे गावात वाचायला काही मिळालं नाही, तर तो शिकलेलं विसरतो. म्हणून 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि पुढच्याच वर्षी पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांकडे निघाल्या. वाहतुकीचा खर्च सरकारचा.

मला त्यांची पैशांची रीत फार मोलाची वाटते. गावात कायमचं वाचनालय हवं असेल तर गावाने आधी स्वतः रक्कम जमवायची. तेवढीच प्रांत पंचायत घाली आणि तेवढीच सरकार. ज्यांनी स्वतः पैसे घातले, त्यांचाच वाचनालयावर जीव राहणार, हे त्या राजाने ओळखलं होतं.

रानड्यांची पेटी बडोद्याच्या पेटीवरून घडली असं मी म्हणत नाही. पण दोन्हींमागची ओढ एकच. बडोद्यात सरकारचा वाटा मोठा होता. नाशिकमध्ये सारा भार देणगीदारांवर आला. रानडे ओळखीच्या माणसांचे वाढदिवस लक्षात ठेवतात, शुभेच्छांचा फोन करतात आणि पुस्तकांसाठी मदत मागतात. लग्नाचा वाढदिवस, आईवडिलांची आठवण, अशा निमित्तांनी देणग्या जमतात आणि पेट्या तयार होतात. सोसायट्या आणि कचेऱ्यांपासून तुरुंगापर्यंत त्या गेल्या, पुढे दुबईतल्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोचल्या.

शाळांना तर अशा पेटीची फार गरज आहे. आपल्या कितीतरी शाळांत पुस्तकं आहेत, पण कपाटाला कुलूप आहे. पुस्तक हरवलं तर भरपाई शिक्षकाच्या अंगावर येईल या भीतीने ती किल्ली निघतच नाही. नवी पुस्तकं घ्यायला पैसे जमवले तरी तीही त्याच कपाटात जातात. पेटीला ठरल्या दिवशी पुढच्या मुक्कामी जायचंच असतं, तेव्हा ती उघडावीच लागते. त्या 100 पुस्तकांचे पैसेही मग एका शाळेत अडकत नाहीत. या वर्षी सिन्नरच्या मुलांनी वाचलेलं पुस्तक पुढच्या वर्षी पेठ किंवा सुरगाण्याच्या मुलांच्या हाती देता येतं.

त्यासाठी शाळेत एकच माणूस लागतो: पुस्तकं मोजून घेणारा, नोंद ठेवणारा आणि एखादं पान फाटलं म्हणून मुलाच्या हातून पुस्तक काढून न घेणारा. बडोद्याच्या खेड्यांत हे काम बऱ्याचदा शाळामास्तरच करत.