काळजीचा व्रण : एका शोधाची हकीकत

मंडळी, चिता आणि चिंता यांत एका टिंबाचेच काय ते अंतर, असे आपण म्हणतो. पण काळजीने पोटात खरोखर व्रण पडतो का? शास्त्रज्ञांना याचे उत्तर एका दमात सापडलेले नाही, बरे का!

सन १९३६. कॅनडातल्या माँट्रियल शहरी हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांना थंडीत ठेवले, दमेपर्यंत श्रम करविले. त्रास कोणताही असो, परिणाम तेच! मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगलेल्या, आणि जठरात व्रण. या ग्रंथींतून संकटकाळी विशिष्ट स्राव रक्तात उतरतात. लोकांनी सोपा हिशेब मांडला : काळजी वाढली की स्राव वाढतो, स्रावाने आम्ल वाढते, आम्लाने व्रण पडतो.

पुढे १९५८ साली अमेरिकेत जोसेफ ब्रॅडी यांनी माकडांच्या जोड्या बसविल्या. जोडीतल्या एकाने वेळेवर दांडा दाबला, तर दोघांचाही विजेचा झटका टळे. व्रण झाले ते दांडा दाबणाऱ्या ‘कारभारी’ माकडाला. झाले! जबाबदारीच माणसाला खाते, असा बोभाटा झाला. पण कारभारी चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. मुळात जी माकडे भराभर दांडा दाबत, त्यांनाच ते काम दिले होते. पुढे जे वाइस यांनी उंदरांवर तसाच प्रयोग नीट निवड करून केला, तेव्हा उलटेच दिसले. ज्याच्या हाती काहीच उपाय नाही, त्या असहाय उंदराला व्रण अधिक!

आम्लाचेही तसेच. संकटात जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटतो, आणि मग नेहमीचे आम्लसुद्धा त्याला जाळते. इतकेच काय, उंदरांत तो संकटस्राव रोखला तर व्रण वाढतात, म्हणजे थोडा काळ तो रक्षकच ठरतो.

शेवटी १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी रुग्णांच्या जठरातला एक नागमोडी जंतू प्रयोगशाळेत वाढविला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण जाणतो की बहुतेक व्रण या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. जंतू औषधाने जातो. काळजी भर घालते, पण दोष एकट्या तिचा नव्हे.

म्हणून घरात कुणाचे पोट सतत दुखत असेल, तर “काळजी सोड” एवढे सांगून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. शौच काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर तासाचाही उशीर नको. आणि गुरुजी, मुलांना एवढे जरूर शिकवा : प्रयोगाचा निकाल ऐकण्याआधी विचारावे, निवड कशी केली होती?