विल्सच्या वहीतली नावं

१८५० सालच्या मार्चअखेरीस लंडनमध्ये ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ हे साप्ताहिक निघालं. चोवीस पानं, पानाला दोन रकाने, चित्र एकही नाही, किंमत दोन पेन्स. लेखकांची नावं छापत नसत. अंक कुठेही उघडा, माथ्यावर एकच नाव: संचालक चार्ल्स डिकन्स.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी साहित्यावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी ‘डिकन्स जर्नल्स ऑनलाइन’ उघडायला सांगते. डिकन्सची साप्ताहिकं, सुमारे तीस हजार पानं, तिथे फुकट वाचता येतात. यंत्राने अक्षरं ओळखताना केलेल्या चुका स्वयंसेवकांनी मूळ पानांशी ताडून दुरुस्त केल्या. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

पण मला तिथली लेखकसूची त्याहून मोलाची वाटते. डिकन्सचा उपसंपादक विल्यम हेन्री विल्स हिशेबाची वही ठेवत असे: लेख कोणता, लिहिला कुणी, रकाने किती झाले, पैसे किती दिले. साधारण दर पानाला एक गिनी. ही वही पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात पोचली. अ‍ॅन लोर्ली यांनी तिच्यातल्या नोंदी उलगडून १९७३ साली ग्रंथ सिद्ध केला, आणि आता संकेतस्थळावर लेख उघडला की लेखकही कळतो. कधी तर हे नाव खुद्द संपादकापासूनही लपलेलं असे.

अ‍ॅडलेड प्रॉक्टर ही डिकन्सच्या जुन्या स्नेह्याची मुलगी. ओळखीखातर कविता छापली जाऊ नये म्हणून ती ‘मेरी बर्विक’ या नावाने पाठवत राहिली. कचेरीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की या बाई कुठेतरी मुलांना शिकवायला असणार. डिसेंबर १८५४ मध्ये डिकन्स नाताळ अंकाचं मुद्रित घेऊन प्रॉक्टरांकडे जेवायला गेला आणि मिस बर्विकची कविता छान असल्याचं सांगू लागला. कवयित्री समोरच बसली होती! खरं काय ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

माथ्यावरच्या नावाने फसगत होण्याचं, आपल्याला जवळचं उदाहरण त्याहून गंभीर आहे. १८५७च्या उठावाच्या बातम्यांनी डिकन्स पेटला होता. आपण भारतात सेनापती असतो तर हा वंशच पुसून टाकायला झटलो असतो, अशा अर्थाचं पत्र त्याने ऑक्टोबरमध्ये आपल्या स्नेही अँजेला बर्डेट-कूट्सबाईंना लिहिलं. आणि फेब्रुवारी १८५८च्या अंकात ‘अ सर्मन फॉर सिपॉइज’ हा लेख आला. त्यात शहाजहानच्या काळातली एक बोधकथा आहे. शिपायांना शिकवण द्यायची तर त्यांच्याच पूर्वेकडच्या वाङ्मयात ती भरपूर आहे, असं लेखक म्हणतो. शिपायांना उपदेश करण्याचा वरचढपणा याही लेखात आहेच, पण सूडाची भाषा नाही. माथ्यावरचं नाव बघून कुणीही हा सूर डिकन्सचा धरील. वहीत नाव आहे कादंबरीकार विल्की कॉलिन्सचं. मनात इतका जाळ असलेल्या संपादकाच्या अंकात हे छापून आलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या दोघांत काय बोलणं झालं असेल?

१८५९ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल द इयर राउंड’ या डिकन्सच्या पुढच्या साप्ताहिकाची अशी वही हाती लागलेली नाही. मात्र जेरेमी पॅरट या ग्रंथविक्रेत्या अभ्यासकाने विकत घेतलेल्या त्याच्या बांधीव खंडांच्या समासात, लेखांशेजारी, लेखकांची नावं पेन्सिलने लिहिलेली निघाली. हस्ताक्षर खुद्द डिकन्सचं असल्याचं २०१५ साली जाहीर झालं. त्यात कॉलिन्स आहे, कादंबरीकार गॅस्केलबाई आहेत, आणि साहित्याच्या इतिहासात कधी न आलेली कितीतरी माणसं आहेत.