जुन्या गोव्यातली कमान आणि तिच्यामागची शाळा

आमच्या यवतमाळकडची मंडळी गोव्याला गेली की बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची पेटी बघतात, से कॅथेड्रलसमोर फोटो काढतात आणि समुद्राकडे वळतात. त्याच जुन्या गोव्यात जांभ्या दगडाची एक कमान एकटीच उभी आहे. सेंट पॉल कॉलेजची तेवढीच खूण आता उरली आहे. नाव कॉलेज असले तरी सुरुवातीला ती मुलांची निवासी शाळा होती. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून मला त्या चर्चपेक्षा या कमानीचे आकर्षण जास्त.

१५४१ मध्ये मिगेल वाझ आणि दियोगो द बोर्बा या पाद्र्यांनी 'सांता फे' नावाचा धर्मसंघ काढला. स्थानिक मुलांना शिकवून धर्मप्रसारक करायचे, हा हेतू. खर्चासाठी तिसवाडी बेटावरच्या पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावून दिले गेले. शाळेचे कौतुक करताना ही गोष्ट गाळता येत नाही. ज्यांची देवळे गेली त्यांच्याच जमिनीवर ती चालली.

१५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला आणि काही वर्षांत शाळा जेझुइटांच्या हाती गेली. मुले कुठकुठली होती! गोव्याची, मलबारची, मलाक्काची, आफ्रिकेतली. कागोशिमाचा आंजिरो हा जपानी माणूस १५४८ मध्ये इथे शिकला आणि पुढच्या वर्षी झेवियरला घेऊन जपानला गेला. १५५६ मध्ये इथिओपियाला निघालेला छापखाना गोव्यात उतरला तो इथेच राहिला. भारतातली छपाई याच आवारात सुरू झाली.

आपल्या वाचकांना जवळचा धागा पुढे आहे. १५७९ मध्ये अकबर बादशहाचा वकील अब्दुल्ला पत्र घेऊन गोव्यात आला. दोन विद्वान पाद्री पाठवा, अशी मागणी होती. गेले तिघे: इथे तत्त्वज्ञान शिकवणारा रुदोल्फो आक्वाव्हिवा, अंतोनियो मोन्सेरात आणि दुभाषा म्हणून फ्रान्सिस्को हेन्रिक्स. हेन्रिक्स होर्मुझचा, जन्माने मुसलमान. १५८० च्या फेब्रुवारीत ते फतेहपूर सिक्रीला पोहोचले. बादशहा काही ख्रिस्ती झाला नाही. पण वादासाठी फारसी शिकावी लागली, आणि पुढच्या मोहिमेतल्या जेरोम झेवियरने अब्दुस सत्तार यांच्या मदतीने येशूचे चरित्र फारसीत लिहिले. त्याचे नाव 'मिरात-उल-कुद्स', १६०२. समोरच्याला आपल्यात ओढण्यासाठी का होईना, त्यांना आधी त्याची भाषा गिरवावी लागली.

शाळा बंद पडली ती एका दिवसात नव्हे. जागा रोगट होती. १५७० च्या सुमाराच्या साथीनंतर जेझुइट टेकडीवर जागा शोधू लागले, तर शेजारच्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी हरकत घेतली! शेजारची संस्था नको म्हणणारे तेव्हाही होतेच. अखेर १६१० मध्ये वर्ग टेकडीवर 'नव्या सेंट पॉल'मध्ये गेले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. स्थानिक मुलांनी आपल्या लोकांना शिकवावे म्हणून जी शाळा काढली, तिच्याच राज्यात त्यांची बोली गुन्हा ठरू लागली. जुन्या इमारती ओस पडण्यापेक्षा मला हा मोठा शेवट वाटतो.

कागदोपत्री शेवट १७५९ चा. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना साम्राज्यातूनच हाकलले. गोव्यातल्या पाद्र्यांना धरून लिस्बनला रवाना केले, मालमत्ता सरकारजमा झाली. शहर साथींनी आधीच रिकामे होत होते. १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. जुन्या सेंट पॉलच्या भिंती त्याआधीच उतरवल्या होत्या आणि दगड पणजीच्या बांधकामांना गेले. प्रवेशद्वाराची कमान तेवढी ठेवली. आज ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. पुढच्या सहलीत बस पाच मिनिटे तिथे थांबवा.