पाण्यातील हायड्रोजन बंधांचा वर्णपटातून शोध

हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. तरीही हे संयुग उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळते, तर पाणी उकळण्यासाठी १०० अंश तापमान लागते. रेणूच्या वजनाचाच विचार केला, तर पाणी नेहमीच्या तापमानाला वायुरूप असायला हवे होते. ते द्रवरूप राहते, याचे श्रेय रेणूरेणूंना परस्परांशी जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांना जाते. हे बंध डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र पाण्याने शोषलेल्या प्रकाशात त्यांची खूण उमटते. या खुणेच्या आधारे बंधांची मोजदाद करणारा एक उल्लेखनीय अभ्यास कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागात झाला आहे.

हायड्रोजन बंध म्हणजे काय?

पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढून घेतो. त्यामुळे हायड्रोजनवर अंशतः धन, तर ऑक्सिजनवर अंशतः ऋण भार येतो आणि एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो. द्रव पाण्याचे गुणधर्म या आकर्षणाच्या आधारे स्पष्ट करता येतात, असे वेंडेल लॅटिमर व वर्थ रोडेबुश या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले. हा बंध रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या तुलनेत दुबळा, साधारण विसाव्या हिश्श्याइतक्या ताकदीचा असतो.

बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी अशा बंधांनी जोडलेला असतो. ही रचना पोकळ असल्याने बर्फाची घनता ०.९१७ इतकी भरते व बर्फ पाण्यावर तरंगतो. द्रव पाण्यात मात्र बंध सतत तुटत व नव्याने जुळत असतात. त्यासाठी लागणारा काळ पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या, आसपास असतो.

प्रकाश काय सांगतो?

ऑक्सिजन-हायड्रोजन बंध एखाद्या स्प्रिंगप्रमाणे कंप पावतो आणि आपल्या कंपनाशी जुळणारा अवरक्त प्रकाश शोषतो. या कंपनाची नोंद तरंगसंख्येने, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींच्या संख्येने केली जाते. वाफेतील सुट्या रेणूसाठी ती ३६५७ व ३७५६ अशी दोन ठिकाणी आढळते. द्रव पाण्यात ३४०० च्या आसपास एक रुंद पट्टा मिळतो, तर बर्फात तो आणखी खाली, ३२०० च्या जवळ सरकतो. शेजारच्या ऑक्सिजनने हायड्रोजनला ओढले, की त्याचा मूळचा बंध काहीसा सैल होतो व कंपन मंदावते. पट्टा जितका खाली सरकेल, तितका हायड्रोजन बंध बळकट, असा याचा ढोबळ अर्थ होतो.

शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०११ मध्ये हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्या निकषांत या सरकण्याचाही समावेश आहे. ही व्याख्या तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. ई. अरुणन यांच्याकडे होते.

कोल्हापुरातील अभ्यास

मूळ कंपनाच्या पट्ट्यात एक अडचण असते. तेथे पाणी इतका प्रकाश शोषते, की काही मायक्रॉन जाडीचा थरही पुरेसा ठरतो. निकट-अवरक्त भागातील शोषण त्या मानाने सौम्य असल्याने नेहमीच्या जाडीचा नमुना वापरता येतो. येथे पाण्याचा एक ठळक पट्टा १४५० नॅनोमीटरजवळ मिळतो. पाणी तापवले की बंध तुटू लागतात आणि पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो.

शिवाजी विद्यापीठातील दिलीप दगडे व संदीप बर्गे यांनी याच भागाचा उपयोग केला. त्यांचा शोधनिबंध २०१६ मध्ये ‘केमफिजकेम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शुद्ध पाणी आणि क्षारांची द्रावणे यांच्या वर्णपटांची फोड करून, निरनिराळ्या प्रकारे बांधलेले रेणू किती प्रमाणात आहेत हे त्यांनी काढले. बंध जुळण्यातुटण्याच्या प्रक्रियेवर एन्थाल्पीचा, म्हणजे उष्णतेच्या देवाणघेवाणीचा, प्रभाव अधिक असल्याचे त्यातून दिसले.

मीठ पाण्यात विरघळते तेव्हा प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कवच तयार होते. या कवचातील पाण्याचा वर्णपट आणि कवचातील रेणूंची संख्या एकाच वेळी काढण्याची सर्वसाधारण पद्धतही या निबंधात सुचवली आहे. धन आयनाभोवतीचे पाणी व ऋण आयनाभोवतीचे पाणी यांतील बंधांचा फरक तिने स्पष्ट दाखवला.

न मिटलेला वाद

द्रव पाण्यात सरासरी किती बंध असतात, हा प्रश्न मात्र जुना आहे. पाणी हे दोन प्रकारच्या रचनांचे मिश्रण असावे, असे क्ष-किरणांचे जनक विल्हेल्म राँटगेन यांनी १८९२ मध्येच सुचवले होते. बंधांच्या ताकदीत टप्पे नसून ती सलग बदलत जाते, असे मानणारा दुसरा पक्ष आहे. २००४ मध्ये क्ष-किरणांच्या शोषणावरून बहुतेक रेणूंना दोनच बळकट बंध असल्याचा दावा एका आंतरराष्ट्रीय गटाने केला. दुसऱ्या गटाने त्याच वर्षी त्याला आव्हान दिले.

वादाचे मूळ पट्ट्याच्या रुंदीत आहे. एकाच रुंद पट्ट्याची अनेक प्रकारे फोड करता येते आणि गृहीतक बदलले की रेणूंची मोजदादही बदलते. म्हणूनच एका पद्धतीचे निष्कर्ष इतर पद्धतींशी ताडून पाहावे लागतात.

या संशोधनाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. प्रथिनांची घडण, क्षारांचे विरघळणे या साऱ्यांत आयनांभोवतीच्या पाण्याचा वाटा असतो. धान्यातील ओलावा क्षणार्धात सांगणारी निकट-अवरक्त उपकरणेही पाण्याच्या याच पट्ट्यांवर चालतात. रोजच्या वापरातील या द्रवाची अंतर्गत रचना पुरती उलगडलेली नसताना, कोल्हापुरातील प्रयोगशाळेने त्यात मोजमापांची भर घातली आहे.